ड्रॅगच्या रांगेत इंटेक मॅनिफोल्ड थंड कसा ठेवावा: माळव्याच्या उन्हातल्या नवख्यांसाठी

पहिल्यांदा ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या वेळेच्या शर्यतीला, निघालेला माणूस टायर बघतो, क्लच बघतो, एअर फिल्टर नवा टाकतो, डिकीतली स्टेपनी घरी काढून ठेवतो. बॉनेटखाली साचलेल्या उष्णतेकडे त्याचं लक्ष जातं ते दुपारी, जेव्हा त्याच गाडीची त्याच धावपट्टीवरची वेळ सकाळपेक्षा वाढलेली दिसते. शेजारी कुणीतरी इंजिनावर बर्फाची पिशवी ठेवून निवांत उभा असतो. ते बघून नवखा पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यातला बर्फ उचलतो आणि इंजिनाला हवा वाटणाऱ्या इंटेक मॅनिफोल्डवर ओततो. ओतायचा नाही. का, ते पुढे येईलच.

इंदूर, महू, देवास, पीथमपूरकडच्या ज्यांची गाडी एरवी ऑफिसला आणि भाजीला जाते आणि वर्षातून एखाद्या वेळी स्ट्रिपवर उतरते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच की बर्फाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. इंजिन वेळेवर बंद करणं, बॉनेट उघडं ठेवणं, रांगेत गाडी ढकलणं आणि एक ओलं सुती फडकं, ही चार बिनखर्चाची कामं नीट केली तर बर्फाला करायला फार थोडं उरतं. ती न करता दोन लाद्या आणल्या तरी बर्फ वितळतो आणि मॅनिफोल्ड पुन्हा तापतो.

आणखी एक गोष्ट आधीच. हे सगळं परवानगी घेऊन भरवलेल्या इव्हेंटसाठी आहे. इंदूरचा सुपर कॉरिडॉर रात्री रिकामा दिसतो, बायपास सरळ आहे, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ पासून आहे, पण तो गाड्यांच्या चाचणीसाठी बांधलेला आहे. गेटवर गाडी नेऊन उभी केली म्हणून आत सोडत नाहीत. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणाऱ्या ‘द व्हॅली रन’सारख्या इव्हेंटला जायचं, तर सेंधवा-धुळे करत मोठा पल्ला मारावा लागतो. एवढं लांब जाऊन उष्णतेपायी रनची वेळ बिघडवणं परवडत नाही.

## मॅनिफोल्ड तापतो कधी

थ्रॉटल बॉडीतून, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेतून, आलेली हवा एकेका सिलिंडरला वाटून देणाऱ्या नळ्या म्हणजे इंटेक मॅनिफोल्ड. तो हेडला, म्हणजे सिलिंडरांच्या वरच्या भागाला, बोल्टने आवळलेला असतो आणि हेडमधून ८५ ते ९५ अंशांचं कूलंट फिरत असतं. काही जुन्या इंजिनांत तर कूलंट खुद्द मॅनिफोल्डच्या पोटातूनही जातं. गाडी पळत असते तेव्हा आतून वाहणारी ताजी हवा आणि जाळीतून येणारा वारा मिळून त्याला बऱ्यापैकी ताळ्यावर ठेवतात.

खरी गडबड गाडी थांबल्यावर होते. इंजिन बंद झालं की पाण्याचा पंप थांबतो, वारा थांबतो, पण हेड, ब्लॉक आणि एक्झॉस्टमधली उष्णता कुठे जात नाही. ती वर चढते आणि बॉनेटखाली कोंडून राहते. त्यामुळे बॉनेटखालचं तापमान रन संपताक्षणी सर्वांत जास्त नसतं. इंजिन बंद केल्यावर दहा-वीस मिनिटांनी ते टोकाला पोचतं. बॉनेट लावून पोहे खायला गेलात, तर परत येईपर्यंत मॅनिफोल्ड मघापेक्षा जास्त तापलेला सापडतो. रांगेत इंजिन चालू ठेवून इंच-इंच सरकणाऱ्याचं याहून वाईट, कारण तिथे उष्णता तयारही होते आणि वाराही नसतो.

गरम हवेने दोन नुकसानं होतात. हवा तापली की विरळ होते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी. इंदूरला मे महिन्यातल्या दुपारी ४१ अंश आणि डिसेंबरच्या पहाटे ११ अंश धरले, तर दुपारची हवा पहाटेपेक्षा जवळजवळ दहा टक्के विरळ भरते. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के आधीच कमी. दुसरं नुकसान ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, करतो. आत येणारी हवा गरम असल्याचं सेन्सरने सांगितलं की इंजिन ठोकू नये, म्हणजे आतलं पेट्रोल अवेळी पेटू नये, म्हणून तो इग्निशनचं टायमिंग मागे घेतो: ठिणगी उशिरा पडते आणि ताकद घटते. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या, जास्त कॉम्प्रेशनच्या किंवा टर्बोच्या गाडीत हा दुसरा फटका पहिल्यापेक्षा जास्त जाणवतो.

शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्याच्या रात्रीची, ख्याती ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ऐकली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको: सूर्य कलला की इथली हवा बदलते. स्लॉट निवडायची मुभा असेल तर सकाळचा पहिला किंवा संध्याकाळचा शेवटचा घ्या. मॅनिफोल्डवर कितीही बर्फ लावला तरी भर दुपारच्या हवेची पहाटेची हवा होत नाही.

## फायदा किती, ते आधी समजून घ्या

फुल थ्रॉटलला १३०० सीसीचं इंजिन ६००० आरपीएमवर सेकंदाला साधारण ६५ लिटर हवा ओढतं. मॅनिफोल्डच्या पोटात तीन-चार लिटर हवा मावत असेल, तर हवेचा प्रत्येक कण आत सेकंदाच्या वीसाव्या हिश्श्याच्या आसपासच थांबतो. एवढ्या वेळात तप्त भिंतीकडून ती काही अंश उष्णता उचलते, पण भिंतीएवढी तापत नाही. म्हणून मॅनिफोल्ड ७५ वरून ३५ वर आणला म्हणजे आतली हवाही ४० अंशांनी थंड झाली, असा हिशेब करू नका.

फायदा मुख्यतः सुरुवातीला होतो. गाडी स्टेजिंगला, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर दिव्याची वाट बघत, उभी असताना इंजिन हळू श्वास घेतं, हवा मॅनिफोल्डमध्ये रेंगाळते आणि चांगलीच तापते. सेन्सरसुद्धा तापतो आणि ईसीयूला जास्तीचा आकडा सांगतो. हिरवा दिवा लागल्यावर पहिले काही सेकंद गाडी त्याच तापलेल्या मनःस्थितीत पळते. ४०२ मीटरच्या रनमध्ये सुरुवातीचं हे ओझं कमी झालं की सेकंदाचे काही शतांश, फार तर एखादा दशांश हाती लागतो. ‘बर्फाने अर्धा सेकंद कमी झाला’ असं कुणी सांगितलं, तर त्याने त्या दिवशी क्लच किती चांगला सोडला तेही विचारा.

यापेक्षा मोठा फरक हवा कुठून ओढली जाते याने पडतो. शंकूसारखा उघडा कोन फिल्टर बॉनेटखाली बसवलेला असेल तर तो ६५ अंशांची हवा ओढतो, बाहेर मात्र ३८ अंश असतात. या दोन्हींत घनतेचा फरक सुमारे आठ टक्क्यांचा. आवाज छान येतो, हे खरं. पण कंपनीच्या एअरबॉक्सचं तोंड जाळीजवळच्या बाहेरच्या हवेत असेल, तर उभ्या गाडीत आणि रनमध्येही तोच बरा. कोन ठेवायचाच असेल तर त्याला इंजिनापासून वेगळं करणारी पत्र्याची पेटी आणि बंपरमधून येणारा पाईप करून घ्या.

## निघायच्या आधी, घरी

आधी बॉनेट उघडून मॅनिफोल्ड कशाचा आहे ते बघा. मारुती एस्टीम, होंडाची जुनी ओएचसी व्हीटेक सिटी अशा गाड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांचा काळ्या प्लास्टिकचा, म्हणजे काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो. ही एक गोष्ट पुढचं सगळं ठरवते. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता झपाट्याने वाहते. बाहेर ठेवलेला बर्फ आतली भिंत थंड करतो. नायलॉन त्याच्या शेकडो पट कमी उष्णता वाहू देतं. तो तापतोही उशिरा, पण तापल्यावर वरून बर्फ ठेवून आत फारसं काही पोचत नाही. प्लास्टिक मॅनिफोल्डवाल्यांनी आपली मेहनत थ्रॉटल बॉडी, एअरबॉक्स आणि मधल्या पाइपवर लावावी. थ्रॉटल बॉडी बहुतेक वेळा धातूचीच असते.

मग मोजायची सोय करा. गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचं स्वस्त ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि मोबाइलवरचं अ‍ॅप मिळून आत येणाऱ्या हवेचं आणि कूलंटचं तापमान दाखवतात. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांना हे चालतं. सोबत एक इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, पण कारखान्यात वापरतात तो. कोविडच्या वेळी कपाळावर धरायची जी गन घराघरात आली, ती अंगाच्या तापापलीकडचं मोजत नाही. आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर कुठलीही इन्फ्रारेड गन फसते, खराखुरा आकडा सोडून बराच खालचा दाखवते. मॅनिफोल्डवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवा आणि प्रत्येक वेळी त्याच तुकड्यावर नेम धरा.

सेन्सर कुठे आहे तेही शोधून ठेवा. काही गाड्यांत तो एअर फिल्टरच्या पुढे असतो, काहींत मॅनिफोल्डवरच. फिल्टरजवळचा सेन्सर मॅनिफोल्ड कितीही तापला तरी त्याबद्दल काही सांगणार नाही. मॅनिफोल्डवरचा सेन्सर उलट स्वतः तापून हवेपेक्षा जास्त आकडा दाखवतो. इथे एक जुगाड फिरत असतो: फक्त सेन्सरला बर्फ लावायचा, म्हणजे ईसीयू हवा थंड समजून टायमिंग पुढे करेल. करू नका. हवा गरमच राहते, टायमिंग मात्र थंड हवेचं मिळतं, आणि इंजिन ठोकायला लागतं. पिस्टनची किंमत बर्फाच्या लादीपेक्षा खूप जास्त आहे.

थ्रॉटल बॉडीला कूलंटच्या दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतील, तर त्या बर्फाळ प्रदेशात थ्रॉटल गोठू नये म्हणून असतात. इंदूरमध्ये थ्रॉटल गोठण्याइतकी थंडी पडत नाही. अनेकजण त्या नळ्या आपापसात जोडून थ्रॉटल बॉडी वगळतात. मात्र काही गाड्यांत थंड इंजिनाची आयडल स्पीड सांभाळणारी मेणाची झडप याच कूलंटवर चालते. अशी गाडी मग सकाळी नीट आयडलला उभी राहत नाही. आपल्या मॉडेलमध्ये काय आहे ते जाणत्या मिस्त्रीला विचारूनच हात लावा.

हेड आणि मॅनिफोल्डमध्ये बसवायचा उष्णतारोधक जाड स्पेसर काही इंजिनांसाठी मिळतो. तो चांगला उपाय आहे, पण त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवावा लागतो, बोल्ट लांब लागतात आणि बसवताना हवा गळायला लागली तर फायद्याऐवजी तोटा. पहिल्या इव्हेंटसाठी गरज नाही. एक्झॉस्टवरचा पत्र्याचा हीट शील्ड मात्र जागेवर हवा. खडखडतो म्हणून कुणीतरी काढून फेकलेला असतो, तो शोधून परत बसवा.

## सोबत काय न्यायचं

जुन्या सुती धोतराचे किंवा टॉवेलचे तीन-चार तुकडे, पाण्याचा कॅन, झाडांवर पाणी मारायची स्प्रे बाटली, बॅटरीवर चालणारा ब्लोअर किंवा छोटा पंखा, रबरी गरम पाण्याच्या पिशव्या दोन, कोरडी फडकी वेगळ्या पिशवीत, हातमोजे, थर्मोकोलचा किंवा आईसबॉक्ससारखा खोका, आणि वही.

रबरी पिशव्या मेडिकल स्टोअरवर मिळतात आणि या कामाला त्या प्लास्टिकच्या पिशव्यांपेक्षा कितीतरी चांगल्या. गळत नाहीत, मॅनिफोल्डच्या उंचसखल नळ्यांवर अंग टाकून बसतात आणि उचलायला सोप्या. बर्फ बारीक फोडलेला हवा, आणि पिशवीत त्याच्यासोबत पेलाभर पाणी घाला. कोरडे खडे मॅनिफोल्डला चार ठिकाणी टेकतात, मधल्या पोकळीत हवा राहते; पाणी घातलं की सगळीकडे स्पर्श होतो.

बर्फ किती, याचा हिशेब सोपा आहे. पाच किलोचा अ‍ॅल्युमिनियम मॅनिफोल्ड ७५ वरून ३५ अंशांवर आणायला साधारण १८० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे कागदावर अर्धा किलोच्या थोडं वर पुरतो. हेडकडून येणारी उष्णता आणि उन्हातली गळती धरून प्रत्येक रनला दोन किलो ठेवा. संपूर्ण लादी लागत नाही. कारखान्यात मागितली तर देणारा ‘भिया, शादी है क्या?’ म्हणून विचारतो. इव्हेंट लांब असेल तर बर्फ तिथल्याच गावात घ्या.

मीठ घालू नका. तापमान आणखी उतरतं खरं, पण खारं पाणी अ‍ॅल्युमिनियमला आणि वायरींच्या जोडांना खातं. ड्राय आईसच्या वाटेलाही नवख्याने जाऊ नये: ते उणे ७८ अंशांचं, हात भाजतो, नायलॉन ठिसूळ होतं, आणि बंद गाडीत त्याचा कार्बन डायऑक्साइड साचला तर श्वास कोंडतो. थिनर किंवा स्पिरिट शिंपडून थंड करायची कल्पना तर इंजिनाजवळ मुळीच नको. भडका उडायला गरम एक्झॉस्ट पुरतो.

## एक रन संपल्यापासून पुढच्या रनपर्यंत

रेषा ओलांडली की परतीच्या लेनमधून हळू या. एसी बंद. उन्हाळ्यात नको वाटेल, पण हीटर पूर्ण उघडा आणि पंखा वर करा. गाडीचा हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो कूलंटमधली उष्णता केबिनमध्ये ओततो. खिडक्या खाली घ्या आणि घाम गाळा. टर्बोवाल्यांनी जागेवर आल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडलला ठेवून मगच बंद करावं.

गाडी तोंड वाऱ्याकडे करून, जमलं तर सावलीत लावा. इंजिन बंद, बॉनेट लगेच उघडा. लगेच म्हणजे लगेच. मघाशी सांगितलेली उष्णतेची लाट पहिल्या वीस मिनिटांतच येते आणि तिला वाट मिळाली तर ती वरून निघून जाते. काही गाड्यांत किल्ली ऑनवर ठेवली की रेडिएटरचा फॅन इंजिनाशिवाय फिरतो. कामाचा आहे, पण तो पंधरा-वीस अँपिअर खातो, आणि छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्या तासात त्यासाठी चांगलीच रिकामी होते. त्यापेक्षा बॅटरीवरचा ब्लोअर मॅनिफोल्डवर आडवा धरा. रेडिएटरवर बाहेरून स्प्रे बाटलीने पाणी मारा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

आता ओलं फडकं. आपल्याकडच्या उन्हाळ्याची एकच बरी गोष्ट म्हणजे हवा कोरडी, म्हणून इथे माठातलं पाणी गार होतं. मॅनिफोल्डवर पिळून घेतलेलं सुती फडकं पसरा आणि त्यावर वारा मारा. एक किलो पाणी वाफ होऊन उडताना सुमारे २४०० किलोज्यूल घेऊन जातं, म्हणजे तेवढ्याच वजनाचा बर्फ वितळताना घेतो त्याच्या सातपट. मघाचे १८० किलोज्यूल काढायला कट चहाएवढं पाणी उडालं तरी पुरे. मात्र ते उडायला हवं. फडकं ओघळतं ओलं असेल आणि वारा नसेल तर ते फक्त गरम होऊन बसतं. दर काही मिनिटांनी थोडं पाणी शिंपडा, पण खाली टपकणार नाही इतकंच. बऱ्याच लोकांना हे फडकं बर्फापुढे क्षुल्लक वाटतं. एप्रिल-मेच्या दुपारी मला तरी तेच जास्त पटतं, कारण पाणी पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेत, कुठेही मिळतं आणि फडकं तासभर काम करतं.

पावसाळ्यात ही युक्ती निम्म्याहून कमी चालते. हवा आधीच दमट असेल तर पाणी उडत नाही. तेव्हा ब्लोअर आणि बर्फ.

एक मर्यादा लक्षात ठेवा. थंड करायचा आहे मॅनिफोल्ड, इंजिन नाही. कूलंट ७० ते ८० अंशांच्या आसपास असेल तर छान. त्याच्या खूप खाली गेलं की ईसीयू इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल ओततो, ऑइल घट्ट राहतं, आणि वाचवलेले शतांश तिथेच परत जातात. खालून गरम, वरून गार, अशी अवस्था हवी.

## रांगेत बर्फ

तुमच्या वर्गाची रांग लागली की इंजिन सुरू न करता गाडी ढकलत न्या. मित्राला याचसाठी सोबत आणायचं असतं. लेनमध्ये बॉनेट उघडं ठेवायला परवानगी आहे का, हे सकाळी तांत्रिक तपासणीच्या वेळीच विचारून घ्या; प्रत्येक आयोजकाचे नियम वेगळे.

तुमच्यापुढे दहा-बारा मिनिटांचं काम उरलं असेल तेव्हा बर्फाच्या पिशव्या ठेवा. फार आधी ठेवल्या तर बर्फ संपतो आणि हेडकडून उष्णता पुन्हा चढते. आधी ओलं फडकं काढा, मग पिशवी थेट धातूवर. एक नळ्यांवर, एक थ्रॉटल बॉडी आणि तिच्याकडे येणाऱ्या पाइपवर. वरून कोरडा टॉवेल टाका, म्हणजे बर्फाचा थंडावा उन्हात वाया जात नाही. फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीवर, पिशवी टेकली तर हरकत नाही, पण इंजेक्टरच्या प्लगांवर वजन येऊ देऊ नका. जुन्या गाडीत त्या प्लगांच्या प्लास्टिकच्या चापा नुसत्या बोटानेही तुटतात.

मोकळा बर्फ ओतायचा नाही, तो यासाठी. वितळलेलं पाणी स्पार्क प्लगच्या विहिरीत उतरलं तर कॉइल मिसफायर करते आणि गाडी तीन सिलिंडरवर घोंगावत राहते. अल्टरनेटर आणि फ्यूज बॉक्स सहसा तिथेच आसपास असतात. मॅनिफोल्डला ७०-८० अंशांवर बर्फाचा धक्का बसत नाही, पण शेकडो अंश तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा टर्बोच्या बिडाच्या कवचावर गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते पाणी धावपट्टीवर सांडतं. ओल्या पट्टीवर तुमचं चाक घसरेल, तुमच्या मागून येणाऱ्याचंही घसरेल, आणि मार्शल तुम्हाला रेषेवरून परत पाठवेल. त्याचं बरोबरच असेल.

पुढे दोन-तीन गाड्या उरल्या की पिशव्या उचला, खोक्यात टाका आणि कोरड्या फडक्याने सगळं पुसा. मॅनिफोल्डला बाहेरून घाम सुटलेला असतो, विशेषतः दमट दिवशी. तो प्लगच्या विहिरीच्या कडेला जमतो का बघा. एखादं फडकं बेल्टजवळ राहिलेलं नाही याची दोघांनी वेगवेगळी खात्री करा. मग बॉनेट लावा आणि वर ओढून बघा. पहिली कडी आणि दुसरी कडी, दोन्ही. ताशी सव्वाशेला बॉनेट काचेवर आदळलं तर वेळेचा हिशेब राहू द्या, समोरचंच दिसत नाही.

इंजिन शक्य तितक्या उशिरा सुरू करा. सुरू केल्यावर एकदा आकडा बघा: आत येणाऱ्या हवेचा आकडा बाहेरच्या हवेपेक्षा दहा-बारा अंशांच्या आत असेल तर काम झालं. मोबाइल ठेवून द्या आणि दिव्यांकडे बघा.

## टर्बो गाडी असेल तर

टर्बो हवा दाबतो तेव्हाच ती तापते, म्हणून तिथे मॅनिफोल्डपेक्षा ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला मान. समोर जाळीमागे बसलेला हवेवर चालणारा इंटरकूलर असेल तर पिटमध्ये त्यावर स्प्रे बाटली आणि ब्लोअर. लेनमध्ये पोचण्याआधी तो पुसून कोरडा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या एक लिटरच्या टीएसआय इंजिनात इंटरकूलर मॅनिफोल्डमध्येच घडवलेला आहे आणि त्याचं वेगळं कूलंट पुढच्या स्वतंत्र छोट्या रेडिएटरमधून फिरतं. अशा गाडीत काळ्या मॅनिफोल्डवर बर्फ ठेवण्यापेक्षा त्या पुढच्या रेडिएटरवर पाणी मारणं कितीतरी कामाचं. पिशव्या टर्बोच्या बाजूला जाऊ देऊ नका. रबर वितळून चिकटतं आणि वास दिवसभर जात नाही.

## वही

प्रत्येक रनला पाच गोष्टी लिहा: बाहेरचं तापमान, टेपवरचं मॅनिफोल्डचं तापमान, स्टेजिंगच्या वेळी हवेचा आणि कूलंटचा आकडा, आणि आयोजकांच्या स्लिपवरची रनची वेळ. स्लिपवर पहिल्या साठ फुटांची वेळ असेल तर तीही. साठ फुटांची वेळच बदलली असेल तर फरक बहुतेक टायर आणि क्लचचा आहे, उष्णतेचा नाही. ती तशीच राहून शेवटचा वेग वाढला असेल तर थंडाव्याने काम केलं. एकाच रनवरून काही ठरवू नका. एकदा बर्फासह, एकदा नुसत्या फडक्यासह, एकदा काहीच न करता, आणि शक्यतो तासा-दीड तासाच्या आत, म्हणजे हवा तीच राहते. कधी कधी वहीतून असंही निघतं की आपल्या गाडीला बर्फाने काहीच फरक पडत नाही. मग पुढच्या वेळी खोका घरीच ठेवा, तेवढंच वजन कमी.

डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या रनला तर बर्फाचा विचारही नको. तेव्हा अडचण उलटी असते: ऑइल वेळेवर तापत नाही. बॉनेट बंद ठेवून इंजिन नीट गरम करा आणि लेनमध्ये थोडं आधी सुरू करा.

परत निघताना कॉइल आणि इंजेक्टरचे प्लग एकदा हाताने चाचपून घ्या, कुठे ओल राहिली असेल तर ब्लोअरने सुकवा. थर्मोकोलच्या खोक्यात उरलेलं पाणी पार्किंगमध्ये ओता, परतीच्या लेनमध्ये नाही.